सुतळी आणि सफेदा

गॅरेजमध्ये गिऱ्हाईक येतं ते गाडी घेऊन. हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते काखेत पुठ्ठा मारून. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, चांगला लांबरुंद. मी एका व्हॅनखाली आडवा होतो. त्यांनी पुठ्ठा माझ्या पायाशी टेकवला आणि मी बाहेर येईपर्यंत शब्दही न बोलता उभे राहिले. मी बाहेर आलो तशी म्हणाले, "मेस्त्री, यो बघ. काला हाय तो कुठला नि लाल हाय तो कुठला?"

पुठ्ठ्यावर तेलाचे थेंब पडले होते. एका कडेला बॉलपेनने 'पुढा' लिहिलेलं, दुसऱ्या कडेला 'मागा'. चाकं कुठे येतात तिथे चार चौकोन काढलेले.

"गाडी कुठाय काका?" मी विचारलं.

"घरी."

"मग मी काय पुठ्ठा रिपेर करू?"

त्यांना हसू आलं नाही. "थेंब खोटा बोलत नाय. आदी रोग सांग, मग गारी आनतो." गाडीला ते गारीच म्हणत. खाडीकाठच्या जुन्या गावातला माणूस, त्यांच्या बोलण्यात ण आणि ळ फारसे यायचेच नाहीत. मी देशावरचा. नायगावात गॅरेज टाकून इतकी वर्षं झाली तरी पहिल्यांदा ऐकताना माझा कान अडखळतो. पण थेंबांचं त्यांचं म्हणणं खरं होतं. पुठ्ठा बघून मी उभ्या उभ्या सांगितलं, काळं इंजिनचं ऑइल, लाल पॉवर स्टिअरिंगचं. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते आधीच ठाऊक होतं, मला ठाऊक आहे का ते बघायला आले होते.

अंगाने काटकुळे, उंच, खाकी हाफपँट, वर गंजी, खांद्यावर टॉवेल. उजवा कान कायम काळपट, तेलकट. त्या कानाचं कारण मला पुढे कळलं. हयातभर त्यांनी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडण्याची आणि बंद करण्याची नोकरी केली. कुठल्या आळीला कधी पाणी सोडायचं हे त्यांच्या हातातल्या लांब दांड्याच्या चावीवर ठरायचं, त्यामुळे अख्खा गाव त्यांना दुखवायला घाबरे. पण त्यांचा जीव चावीत नव्हता, गळतीत होता. जमिनीखाली पाइप कुठे गळतोय हे शोधायला ते एक सळई रस्त्यावर टेकवत, दुसरं टोक कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग पायाने खूण करून सांगत, इथे खणा. निवृत्त झाल्यावर रस्ते गेले, सळई राहिली. माझ्याकडे आले की कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडं दिसलं रे दिसलं, की लांब स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवून मूठ कानाला लावायचे. गाडीचा मालक बिचारा माझ्याकडे बघायचा.

गळती दिसली की त्यांना बसवत नसे. एकदा गावात कुणी वारलं. आम्ही सगळे ओटीवर माना खाली घालून बसलेलो. आत रडारड. हे मधेच उठले आणि थेट मोरीत गेले. थोड्या वेळाने घरातल्या कर्त्या मुलाला हाक मारून म्हणाले, "पाना दे रे." नळ थेंब थेंब गळत होता, तो त्यांना ओटीवर ऐकू येत होता. वायसर बदलून, टॉवेलला हात पुसत ते परत येऊन बसले आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरच्यांना राग आला नाही. गावात सगळ्यांना सवय होती. नळ, टाकी, मोटार, काहीही गळलं की पहिला निरोप त्यांना जाई, आणि हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठून जाई.

गाडी मुलाच्या लग्नात घेतलेली, तेव्हाच जुनी. पांढरी, आता कडेकडेने खारी हवा खाऊन तांबूस झालेली. दुसऱ्या दिवशी ती आली. मी इंजिन डिझेलने धुऊन कोरडं केलं, म्हटलं आता यावर पावडर मारू, गाडी चालवून आणू, जिथे पावडर ओली होईल तिथे गळती. हे ऐकून ते जे खूश झाले! "अरे, ह्यो तर आमचाच धंदा." घरी जाऊन पावडरचा डबा घेऊन आले. नातीचा डबा, तान्ह्या मुलांची पावडर. अख्खं गॅरेज त्या दिवशी बाळाच्या अंगासारखं घमघमत होतं आणि माझी पोरं एकमेकांना चिडवत होती.

काळं सापडलं इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला. ते मी बदललं. लाल सापडलं प्रेशर पाइपला. पंपाकडून स्टिअरिंगकडे जो पाइप जातो त्याच्या टोकाच्या नटावर. नटाजवळ पाइप गंजून पातळ झाला होता. मी म्हटलं, पाइप बदलावा लागेल, जुन्या मॉडेलचा आहे, मागवायला लागेल, आठवडाभर थांबा.

"पाइप कशाला बदलाचा? सांधा गलतो, सांधा बांधाचा."

"काका, हा पाण्याचा सांधा नाही. इथे तेलाला प्रेशर किती असतं ठाऊक आहे?"

"सांधा तो सांधा."

त्यांनी खिशातून पुडी काढली. सुतळी आणि सफेदा. नळकामवाले लोक लोखंडी पाइपच्या आट्यांवर तागाचा धागा गुंडाळतात, त्याला पांढरा सफेदा चोपडतात आणि मग पाइप पिळतात. वर्षानुवर्षं गळत नाही. घराघरांत तेच असतं. पण स्टिअरिंगच्या पाइपला सुतळी गुंडाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मी चिडलो. म्हटलं, धागा सुटून आत गेला तर पंप जाईल, स्टिअरिंगचा रॅक जाईल, आणि माझ्या गॅरेजात मी हे करू देणार नाही. ते शांतपणे गाडीत बसले, घरी गेले आणि दारातल्या उंच, सावली देणाऱ्या भेंडीच्या झाडाखाली स्वतः सांधा बांधला.

पुढच्या रविवारी काखेत पुठ्ठा. टेबलावर माझ्या डब्याशेजारी ठेवला. कोरा. रोज संध्याकाळी गाडीखाली सरकवायचा आणि सकाळी काढून बघायचा हा त्यांचा नेम होता, आणि सगळा आठवडा पुठ्ठा कोरा निघाला होता. मला ते पटलं नाही, पण पुठ्ठ्याशी काय भांडणार? चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाले, "माझ्या हातचा सांधा मी मेल्यावर पन गलनार नाय." हे वाक्य ते दर भेटीत एकदा तरी म्हणत. मीही मग कंटाळून 'बरं' म्हणत असे.

मुलगा त्यांच्यासारखा नव्हता. बसका, गोरटेला, बोलायला मऊ. बापाच्या पुठ्ठ्याची मला डोळ्यांनी खूण करून माफी मागायचा. गाडी छान चालवायचा, दोन बोटांनी. एक दोष होता, पिण्याचा. रोजचा नव्हे, पण सुरू झालं की थांबायचं नाही. बापाने मारून पाहिलं, बायको माहेरी जाऊन बसली, काही उपयोग झाला नाही. मग मुलगी झाली. तिच्या बारशाला, सगळ्यांच्या देखत, त्याने त्या एवढ्याशा डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि पाळली. म्हातारा मला सांगायचा, "हलदीला जातो, बसतो, डीजेवर नाचतो, पन हातात नुसता सोडा." हे सांगताना त्या माणसाचं तोंड बघावं. कोरा पुठ्ठा दाखवताना जसं असायचं, अगदी तसंच.

चुलतभावाच्या हळदीहून पहाटे परतताना तो गेला. मिठागरांशेजारी रस्ता वळतो तिथे गाडी वळलीच नाही. सरळ गेली, बांध ओलांडून चिखलात उतरली. फार वेगात नव्हती. काचा शाबूत होत्या. छाती स्टिअरिंगवर आदळली एवढंच. सकाळी मिठागरावर कामाला येणाऱ्या बायकांनी पाहिलं.

हळदीहून पहाटे येणारा, आधी पिणारा तरुण. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं, आणि तिरडी उठायच्या आत म्हटलं. मी तिथेच होतो. माझ्या मागे उभा असलेला एकजण म्हणाला, शपथ म्हणे. दुसरा म्हणाला, हळदीत कसली शपथ. म्हाताऱ्याने ऐकलं असणार. त्या कानाला जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं.

दिवसकार्य झालं आणि गाडी ओढून माझ्याकडे आली. बरोबर ते आणि त्यांची सून. ती वसईला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सासऱ्याला मामा म्हणते, त्यांच्याकडची रीत. त्या दिवशी ती दारातल्या टायरवर बसून राहिली. म्हातारा मला म्हणाला, "मेस्त्री, माझा सांधा बघ. तोच सुटला. स्टेरिंग लागला नसनार पोराला. माझ्या सुतलीनी पोर मारला."

मीच त्यांना बजावलं होतं, आणि आता तेच खरं ठरलं तर मला त्यांच्या तोंडाकडे बघता आलं नसतं. मी आडवा झालो. चिखल धुतला. सुतळीचा तो पांढरा सांधा जसाच्या तसा. नटावर ओल नाही. वर तेलाची डबी पाहिली, तेल वरच्या खुणेपर्यंत. पाइप सुटला असता तर डबी रिकामी होऊन चिखल लाल झाला असता. एवढं बघायला मेस्त्री व्हावं लागत नाही.

मी बाहेर आलो आणि त्यांची सुटका करतोय अशा समजुतीने मोठ्या आवाजात सांगितलं, "काका, सांधा पक्का आहे. एक थेंब गेलेला नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या तोंडातला घास काढून घेतला होता. मग म्हणाले, "परत बघ."

"काका, डबी भरलेली आहे."

"परत बघ."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांधा सुटला असेल तर पोरगा शुद्धीत होता, शपथ पाळून होता, बापाने त्याला मारलं. सांधा पक्का असेल तर बाप सुटला आणि पोरगा खोटा ठरला, तोही स्वतःच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. या दोहोंपैकी काय हवं हे म्हाताऱ्याचं ठरलेलं होतं. मी टायरवर बसलेल्या सुनेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. पोटात दारू होती की नव्हती ते सांगणारा दवाखान्याचा रिपोर्ट पोलिसांकडे होता. तो मागायला त्या घरातून कुणी कधी गेलं नाही. मला वाटायचं, म्हातारा जाऊ देत नसणार.

स्टिअरिंगचं पॉवर गेलं तरी चाक अडकत नाही, जड होतं, हेही मी त्यांना पुढे कितीदा सांगितलं. ते ऐकून घेत. "पातल हाताचा पोर व्हता माझा," म्हणत. "जड झाल्यावर काय करील?"

मग त्यांनी गाडी दुरुस्त करायला लावली. मी नको नको म्हणत होतो. ज्या गाडीत मुलगा गेला ती कोण ठेवतं? पण त्यांनी माझ्या दारात धरणंच धरलं, तेव्हा मी रेडिएटर बदलला, पाणी गेलेलं इंजिन उघडून साफ केलं, गाडी चालती करून दिली. ती परत भेंडीखाली जाऊन उभी राहिली.

आणि एके दिवशी काखेत पुठ्ठा. त्यावर लाल थेंब. एक नाही, भरपूर. "बघ," ते म्हणाले. "आता बोल."

गाडी बाहेर उभी होती. सून बरोबर होती, कामावरून परस्पर आलेली, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच. मी खाली गेलो. नटाच्या कडा चकचकीत होत्या. पाना फिरवल्याच्या ताज्या खुणा. आणि सुतळी, जी त्या माणसाने एवढ्या निगुतीने गुंडाळली होती, ती कुणीतरी चिमट्याने ओढून बाहेर काढलेली, तिचे तंतू लोंबत होते. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या गळत्या बुजवल्या त्याने स्वतःच्या हाताने ही एक गळती उघडली होती.

मला राग आला. खोटं बोलतो म्हणून आला नाही. ते दृश्यच बघवेना, म्हणून आला. ते माझ्या शेजारी वाकून बसले होते. मी गाडीखालूनच हळू आवाजात म्हटलं, "काका, हे तुम्ही सैल केलंय."

"मना ठाऊक हाय. तुला ठाऊक हाय. तिला नाय," ते तितक्याच हळू म्हणाले. "तिला जन्म काढाचा हाय. दारुड्याची बायको म्हनून काढंल का?"

मी बाहेर आलो तर सून समोर उभी. तिने सरळ विचारलं, "दादा, गळतंय का?"

"गळतंय," मी म्हटलं. ते तर कुणीही सांगितलं असतं, थेंब डोळ्यांसमोर पडत होते.

तिने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच म्हातारा मधे पडला. "बस झाला. गलतो ना? बस." तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत लाल तेल होतं. मग म्हणाली, "चला मामा, जेवण गार होतंय."

मी सांधा घट्ट करून देतो म्हटलं, पाइप नवा टाकतो म्हटलं. त्यांनी हात लावू दिला नाही. "राहू दे. गलू दे."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते करायला छाती लागते. गावदेवीच्या पारावर, चहाच्या टपरीवर, कुणाच्या मयताला, कुणाच्या साखरपुड्याला, जिथे चार माणसं दिसतील तिथे ते स्वतः विषय काढत. सुतळी कशी गुंडाळली, मेस्त्रीने कसं बजावलं होतं, आपण कसं ऐकलं नाही, पोरगा कसा शुद्धीत असताना गेला. माझं नाव साक्षीदार म्हणून घेत. ऐकणारे आधी हळहळत, मग कंटाळत, आणि मग त्यांना ते खरं वाटायला लागलं. मुलाचं नाव साफ झालं. लोक म्हणू लागले, बिचारा सोडा पिऊन निघाला होता, बापाच्या आडमुठेपणाने गेला.

आणि मग निरोप यायचे थांबले. नळ गळला तर लोक स्टेशनजवळून प्लंबर आणू लागले. एकदा मी त्यांच्याबरोबर रस्त्याने चाललो होतो. एका घराच्या ओट्याखाली पाइपमधून पाणी चिळकांडी मारत होतं. हे सवयीने वळले. घरातली बाई लगबगीने बाहेर येऊन म्हणाली, "राहू दे दादा, माणूस येतोय." त्यांनी वर केलेला हात टॉवेलला पुसला आणि पुढे निघाले.

नात मोठी होत होती. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं, तुझ्या आजोबाने तुझ्या पप्पाला मारलं. तिने घरी येऊन विचारलं असणार आणि त्यांनी 'हो' म्हटलं असणार, कारण तेच तर ते सगळ्यांना सांगत होते. ती त्यांच्या जवळ बसेनाशी झाली. त्यांनी आणलेलं बोर, चिकू, काही हातात घेईना. ते हे मला सांगायला आले तेव्हा नेहमीसारखे उभे राहिले नाहीत, स्टुलावर बसले. मी म्हटलं, "काका, आता तरी तिला खरं सांगा." ते म्हणाले, "बापाचा फोटो पुसती ती रोज. पुसू दे."

गाडी ते चालवत नव्हते. सकाळी नुसतं इंजिन चालू करत, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवत, डबीत तेल भरत आणि पुठ्ठा बघत. थेंब पडलेला असला की मग चहा. हे मला सुनेने सांगितलं. गळतीने ज्याची झोप उडायची त्याला आता गळती नसली तर चैन पडत नव्हतं. तेल मात्र माझ्याकडून नेत. मी देत असे. काय म्हणून नाही म्हणणार?

पुढे त्यांचं यकृत गेलं. आयुष्यात थेंबभर न घेतलेल्या माणसाचं. गावातल्या काहींनी त्यावरही विनोद केले. काही आठवडे ते खाटेवर होते. मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं. बोटाने खिडकीबाहेर गाडीकडे दाखवलं आणि डोळे मिटले.

तेराव्यानंतर सुनेचा फोन आला. "दादा, गाडी घेऊन जा. भंगारात जाऊ दे. मला आता ती दारात नको."

मी टेम्पो आणि दोर घेऊन गेलो. गाडी धुळीने भरलेली, टपावर भेंडीची पिवळी फुलं वाळून चिकटलेली. ओढण्याआधी सवयीने बॉनेट उघडलं. तेलाची डबी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, आत तळाला साका धरून वाळलेला. महिनाभर तरी कुणी त्यात तेल घातलं नव्हतं. खाली वाकून पुठ्ठा ओढला. पुठ्ठ्यावर लाल थेंब होते. अलीकडचे, टपोरे, गोल.

मी परत गाडीखाली पाहिलं. सांधा कोरडा ठणठणीत, लोंबणाऱ्या सुतळीवर कोळ्याने जाळं केलेलं. आणि पुठ्ठ्यावर थेंब पडले होते ते बॅटरीच्या बाजूला, डाव्या चाकाच्या चौकोनापाशी. तिथे स्टिअरिंगचा कुठलाच पाइप जात नाही.

सून दारात उभी होती. मी पुठ्ठा तिच्यासमोर धरला.

"मी टाकायचे," ती म्हणाली. "त्यांना उठवत नव्हतं ना. सकाळी डोळे उघडले की पहिलं पुठ्ठा दाखव. पहिल्या दिवशी मी आहे तसा नेला. कोरा होता. तो बघितला आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चहा नाय, औषध नाय. दिवसभर तसेच. मग दुसऱ्या दिवशी पोरीच्या औषधाच्या ड्रॉपरने टाकले. तुमच्याकडच्या बाटलीत थोडं उरलेलं. कुठे टाकायचे ते मला काय माहीत? पण त्यांना तेवढं कुठं दिसत होतं."

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं की खरंच सांधा—"

"नाय हो दादा." ती पायरीवर बसली. "त्यांनी नट सैल केला त्या दिवशी पाना मोरीत धुतला. अख्खी मोरी लाल झालेली. मला तेव्हाच कळलं."

मी दोर खाली ठेवला. ती पुढे सांगू लागली.

"त्या पहाटे निघताना यांचा फोन आला होता मला. निघतोय म्हणाले. बायकोला आवाज कळतो. एका शब्दात कळतो. मी म्हणायला पाहिजे होतं, तिथंच झोपा, गाडीला हात लावू नका. नाय म्हटलं. मला इतका राग आला होता, मी म्हटलं, या सावकाश. आणि फोन ठेवला." तिने ओढणीने तोंड पुसलं. "हे मामांना सांगितलं असतं तर त्यांचा पोरगा त्यांच्या हातातून दुसऱ्यांदा गेला असता. आणि ते माझ्यासाठी करत होते सगळं. मला सगळं माहीत आहे, हे त्यांना कसं सांगणार होते?"

आत मुलगी अभ्यास करत होती. तिच्या पाठ म्हणण्याचा आवाज खिडकीतून येत होता. वर भिंतीवर दोन फोटो. एकाची काच लख्ख पुसलेली, दुसरा नवा, त्याच्या हाराखाली आत्ताच धूळ बसायला लागलेली.

मी दोर बांधला. पुठ्ठा टेम्पोत टाकायला उचलला तर ती उठून आली आणि तिने तो माझ्या हातातून घेतला.

"हा राहू दे. पोरीला एक दिवस सांगावं लागेल."

"काय सांगणार?" मी विचारलं.

"तेच ठरत नाय," ती म्हणाली. "आजोबाला सोडवायला गेले तर बाप जातो. बापाला ठेवायचा तर आजोबाला असंच ठेवावं लागतं." आणि तो पुठ्ठा, थेंब आतल्या बाजूला येतील असा दुमडून, ती घरात घेऊन गेली.